खुशालराव मत देईनासे झाले

खुशालराव गावंडे यांच्याकडे मत मागायला जावं लागत नसे. चहा अर्धा होईस्तोवर एक मत समोर येऊन पडायचं. ऐकणारा 'हो' म्हणाला तर पंचाईत व्हायची, कारण हो म्हणणाऱ्या माणसाशी पुढे बोलायचं काय, हे खुशालरावांना कधी समजलं नाही. मग ते स्वतःच दुसरी बाजू घेऊन आपलंच मत खोडून काढत. अंजनगाव सुर्जीत, सुर्जीच्या अंगाला तिसऱ्या गल्लीत त्यांचं घर. धंदा जिनिंगमधल्या फिटरचा. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की सहा महिने सरकी काढायच्या जिनात, उरलेले सहा महिने लोकांचे पंप आणि मोटारी. कामाला हंगाम होता, मतांना नव्हता.

आता अशा माणसाची मतं पाऊस, कापसाचा भाव आणि पुढारी यांच्यावर असतील असं कोणालाही वाटेल. तसं नव्हतं. त्या विषयांवर बोलायला गावात माणसं कमी नाहीत, आपण कशाला गर्दी करा, असं ते म्हणत. त्यांची मतं दोनच गोष्टींवर होती. एक, विलायतेतले जुने रॉक बँड. दोन, आपल्याकडचे जुने पिक्चर.

बँडचं वेड लागलं ते अकोल्याला. तिथे बस स्टँडमागे ताहेरभाईंचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी नेऊन दिली की चार दिवसांनी भरून मिळायची. एक्याऐंशी साली खुशालराव वडिलांसाठी भजनांची यादी घेऊन गेले, तेव्हा दुकानात ताहेरभाईंच्या कुवेतहून आलेल्या मावसभावाची कॅसेट वाजत होती. खुशालराव यादी हातात धरून पाऊण तास उभे राहिले. भजनं राहिली ती राहिलीच. इंग्रजीचा एक शब्द त्यांना येत नव्हता, पण कोणी तसं म्हटलं की ते उसळायचे. "शब्द काहून पायजेत? जिन काय मराठीत बोलते? पन बिघडलं का मले समजते ना."

आणि समजायचं, हे खरं. पेचकसाचं एक टोक चालत्या मशीनला टेकवायचं, दुसरं कानाच्या हाडावर धरायचं, डोळे मिटायचे; कोणतं बेरिंग किती दिवसांनी जाणार ते खुशालराव सांगायचे. बँडही ते असेच ऐकायचे. रोलिंग स्टोन्स म्हणजे पट्टा ढिला झालेलं मशीन, खडखडतं पण चाळीस वर्षांत बंद पडलं नाही. डीप पर्पलमध्ये पेटीवाला आणि गिटारवाला सख्ख्या भावांसारखे बांधावरून भांडतात, म्हणून गाण्याला जोर येतो. समेट झाला असता तर बँड बुडाला असता. ईगल्स गोड, पण गोड किती खावं याला मर्यादा आहे. पिंक फ्लॉईड सुरू व्हायच्या आत माणूस चहा पिऊन परत येतो, तरी त्यांना माफी, कारण थांबावं कुठे हे त्यांना कळतं. आणि सगळ्यांच्या वर लेड झेपेलिन. त्यांचा ड्रमवाला मेला तेव्हा उरलेल्या तिघांनी दुकान बंद केलं, दुसरा आणून बसवला नाही. हे सांगताना खुशालरावांचा आवाज जरा खाली यायचा. घरातलं कोणी गेल्यासारखं ते त्याच्याबद्दल बोलत.

पिक्चरचंही तसंच. रंग आला आणि पडद्यावरची रात्र गेली, हे त्यांचं आवडतं मत. काळ्यापांढऱ्यात अंधार खरा वाटायचा, रंगीत पिक्चरमध्ये रात्रीसुद्धा निळी. जुन्या पिक्चरात दार उघडलं की करकर ऐकू यायची, मग माणूस दिसायचा, मग तो बोलायचा. आता आधी बोलतात, मग घरात येतात. भुताच्या पिक्चरवर तर ते तासभर बोलत. भूत दिसलं की भीती संपते, म्हणायचे. भीती असते ती त्याच्या आधी, जेव्हा वाजणारं सगळं एकदम थांबतं.

हे सगळं ऐकायला घरी होती एकटी मनकर्णा. पोरगी रागिणी लग्न होऊन अमरावतीला गेली होती. सव्वीस वर्षांच्या संसारात मनकर्णेने त्यातलं एक गाणं नीट ऐकलं नव्हतं, पण मतं तिला तोंडपाठ होती. सासरच्या भाऊबंदांची भांडणं बाईला जशी आपोआप कळत जातात तशी. बांधावर भांडणारे कोण, मेलेल्या ड्रमवाल्याचे कोण, सगळं ठाऊक. "जेवा आता, थे विलायतवाले काई उपाशी नाईत," एवढंच ती म्हणायची.

त्याच गल्लीत चार घरं सोडून शालिकराम राहायचा. चाळिशीचा शेतकरी माणूस. दोन हजार सहाच्या पौषात एका सकाळी तो गोठ्याकडे गेला आणि परत आला नाही. का, ते पेपरवाल्यांनी आपल्या परीने लिहिलं, सरकारी माणसाने कागदावर रकाना भरला. गल्लीतल्या बायकांना कारणाचं काही करायचं नव्हतं. त्यांना पुढचा कोण, याची धास्ती होती. कारण तर हरेक घरात होतं, लपवायला जागा नव्हती. म्हणून त्या नळावर लक्षणं जुळवत बसल्या. शालिकराम आधी गप झाला. मग त्याने पत्ते खेळणं सोडलं. मग लोकांच्या घरून आणलेल्या कुऱ्हाडी, पहारी, परात, सगळं ज्याचं त्याला नेऊन दिलं. आणि शेवटच्या आठवड्यात बहिणीकडे जाऊन भेटून आला.

तेव्हापासून गल्लीत कोणाच्या नवऱ्याने दुसरी भाकर नको म्हटली तरी ते नळावर कळायचं. एकाने शेजाऱ्याची शिडी परत केली तर त्याच्या बायकोने रडून घर डोक्यावर घेतलं. शिडी परत करायला त्याला दोन वर्षं लागली होती हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. लांबच्या माणसाला हसू येईल. त्या सालात वऱ्हाडात कोणाला येत नव्हतं.

पुढच्या श्रावणात चिकुनगुनिया आला. घरटी दोन-दोन माणसं कमरेत वाकली. खुशालराव अकरा दिवस तापाने फणफणले, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी उठून बसले ते गप.

पहिले आठ दिवस मनकर्णेला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिने शांतपणे भाजी निवडली. अशक्तपणा असेल, येतील रुळावर, असं ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की टेप लागलेला नाही. दिवस गेले, पंधरवडा गेला, टेपवर धूळ बसली. ती पुसायला गेली आणि फडकं हातातच राहिलं. गप झाला. आवडीचं सोडलं. चारातली दोन.

त्याच दिवशी ती कामाला लागली. बादलीचा दोर तिने पिठाच्या डब्यात लपवला. उंदराचं औषध शेजारच्या गावातल्या उकिरड्यावर नेऊन पुरलं. खुशालराव संडासात जरा जास्त वेळ बसले तर ती बाहेर बादल्या वाजवत उभी राहायची. ते नदीकडे फिरायला निघाले की हिला त्याच वाटेवर काहीतरी काम निघायचं. ते तिला पाहायचे, काही बोलायचे नाहीत, आणि परत फिरायचे.

शेवटी तिला एक युक्ती सुचली. माणसाला चिथवलं की तो बोलतो, आणि खुशालरावांना कशाने चिथवायचं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? एका सकाळी ते जेवायला बसले. ती चुलीकडे तोंड करून भाकर थापत होती. थापता थापता म्हणाली, "मी काय म्हनते, थो ड्रमवाला मेला तं मेला. दुसरा ठेवाचा होता. मानसं काय कमी हायेत दुनियात?"

मागे हेच वाक्य रागिणीच्या लग्नात एका सोयऱ्याने म्हटलं होतं, तेव्हा खुशालराव भर पंगतीतून उठले होते. वधूपिता पंगतीतून उठला म्हणून केवढा गोंधळ झाला होता. आता मागून काही आवाज आला नाही. भाकर मोडल्याचा आला, चावल्याचा आला. मनकर्णेने मागे वळून पाहिलं नाही. तव्यावरची भाकर काळी झाली तरी तिचा हात पुढे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी मोठा दगड टाकला. "काल टीवीवर जुना पिक्चर रंग भरून दाखवला. लय गोड दिसला बापा. सगळेच रंगवाले पायजेत." ही गोष्ट तिने खोटी रचली होती. काही नाही. तिसऱ्या दिवशी पिंक फ्लॉईडला झोपेची गोळी म्हणाली. काही नाही. रोज ती चुलीकडे तोंड करून अशी वेडीवाकडी मतं देत राहिली आणि रोज पाठीमागे नुसतं जेवण चालू राहिलं. ज्या माणसाला आपल्या ड्रमवाल्याचा राग येत नाही, त्याने मनातून सगळं सोडलं आहे, असं तिचं पक्कं झालं.

वळून का पाहत नव्हती, तर भीतीने. कारण समोरासमोर बोलायला गेलं की खुशालराव आता तिच्याकडे अशा नजरेने पाहत की तिच्या अंगावर काटा यायचा. टक लावून, तोंडाकडे, पापणी न हलवता. लग्न ठरलं तेव्हाही त्यांनी असं पाहिलं नव्हतं. जाणारा माणूस मागे राहणाऱ्याला असं डोळ्यांत भरून घेतो, हे तिने लहानपणी आजारी आजोबांच्या खाटेजवळ पाहिलं होतं. त्यामुळे ती मान खाली घालून बोलायची, आणि ते नुसतं 'हूं' करायचे.

एकदा नळावर तिने शालिकरामच्या बायकोला, गंगूबाईला, बाजूला घेतलं. गल्लीत तिला कोणी काही विचारत नसे, जणू तिच्या अंगाला लागून ते आपल्या घरी येईल. मनकर्णेने विचारलं, "गंगूबाई, सरळ इचारून पाहू का वो त्यायले?"

गंगूबाईची कळशी भरून वाहत होती. "इचारू नको," ती म्हणाली. "नसलेलं मनात येते. आमच्या माहेराकडं म्हनतात, नाव घेतलं का वाट दिसते." तिने कळशी उचलली आणि गेली. मनकर्णेने हेच सगळ्यांकडून ऐकलं होतं. तो शब्द घरात काढायचा नाही. गल्लीत कोणीच काढत नव्हतं.

दसरा झाला. जिन सुरू होणार म्हणून मालक वामनरावांचा निरोप आला. खुशालरावांनी निरोप्याच्या तोंडाकडे तसंच टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "यंदा जमनार नाई." तीस वर्षांत त्यांनी एक हंगाम चुकवला नव्हता. दिवाळीला रागिणी येऊन गेली, तीही म्हणाली की बाबा काही वेगळेच वागतात, पण तिच्या कडेवर लहान पोर होतं, तिला जास्त सांगायचं मनकर्णेला धाडस झालं नाही.

दिवाळीनंतरच्या सोमवारी मनकर्णा बाहेरून आली तर खुशालराव ओसरीत मांडी घालून बसले होते. समोर पत्र्याची पेटी उघडी. एकेक कॅसेट फडक्याने पुसून ते पेटीत रचत होते, नावं एका बाजूला येतील अशी. पंचवीस वर्षांतल्या दीडशेवर कॅसेटी.

"हे काय करून राहिले?" तिने विचारलं. मान खालीच होती.

उत्तर आलं नाही. तिने वर पाहिलं तेव्हा त्यांनीही पाहिलं. "ताहेरले वापस नेऊन देतो," ते म्हणाले. "परवा जातो अकोल्याले. त्यानंच भरून देल्या होत्या मुळात. भेटूनबी येतो त्याले."

चार झाली. मनकर्णा घरात गेली, पदर डोक्यावर घेतला आणि मागच्या दाराने चौकातल्या रुपयाच्या फोनवर पोचली. नंबर तिला पाठ नव्हता. कॅलेंडरच्या मागे लिहिलेला तिने फाडूनच आणला होता.

"ताहेरभाऊ, मी सुर्जीहून मनकर्णा बोलून राहिली."

"बोला भाभी. अरे, भाऊ कुठी हाये? पोयाच्या सनापासून एक फोन नाई त्याचा. मी म्हटलं, नाराज झाला का माझ्यावर."

"थे कॅसेटी वापस घेऊन येऊन राहिले तुमच्याकडं."

ताहेरभाईंचं दुकान आता मोबाईल रिचार्जचं झालं होतं, मागे कोणीतरी रिंगटोन लावून पाहत होतं. "किती?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

पेपर अकोल्यालाही येत होते. ताहेरभाईंनी काही फोड करून विचारलं नाही. "त्याले घरातून निघू देऊ नका. मीच येतो उद्या, पयल्या गाडीनं."

रुपया संपून फोन कट झाला. परत येताना तिला वाटलं, आपण घरातून निघून किती वेळ झाला? ती पळत सुटली. पन्नाशीला टेकलेली बाई भर चौकातून धावते आहे, हे लोक पाहत होते. कोणी विचारलं नाही, कारण विचारायची गरज नव्हती. घरी खुशालराव पेटीचं कुलूप शोधत होते.

ताहेरभाई दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आले. दम्याचा माणूस, पण गल्लीच्या तोंडापासून घाईने चालत आले होते. त्यांना पाहून खुशालरावांचा चेहरा खुलला, डोळे भरले, आणि ते पाहून मनकर्णेचा धीर आणखी खचला. दोघं ओसरीत बसले. ताहेरभाई समोर बसून विचारत होते, खुशालराव त्यांच्या तोंडाकडे पाहत एका-एका शब्दात उत्तर देत होते. तब्येत बरी. रागिणी बरी. जिन यंदा नाही. अशा उत्तरांवर दोन मित्रांनी किती वेळ काढावा? शेवटी ताहेरभाई उठले, पेटी उघडली आणि त्यातून एक कॅसेट काढून खुशालरावांसमोर धरली. मेलेल्या ड्रमवाल्याची. "एकदा ऐकू दोघं मिळून," ते म्हणाले. "मग नेतो पेटी."

खुशालराव क्षणभर घुटमळले. मग त्यांनी मान हलवली.

टेप लागला. मनकर्णा चहा टाकायला आत गेली, पण कान बाहेर होता. ढोल सुरू झाला, तिने आयुष्यभर शिव्या घातलेला तो ढोल, आणि तिला रडूच आलं. दारातून पाहिलं तर खुशालराव नेहमीसारखे भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते आणि उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. जुने खुशालराव. तिने हात जोडले, कोणाला ते तिलाही सांगता आलं नसतं. आलं ठेचलं, साखर टाकली.

बारा वाजले आणि लाईट गेली. त्या साली रोजच जायची, सहा तासांसाठी. गाणं मध्येच खाली घसरलं आणि थांबलं. शेजारचा टीव्ही थांबला, चक्की थांबली, मागच्या वाड्यातला पंप थांबला. सगळी गल्ली चिडीचूप.

मनकर्णा चहा घेऊन दारात आली. ताहेरभाई टेपकडे हात नेता नेता थबकले होते. खुशालरावांचे डोळे मिटलेले होते आणि बोटं गुडघ्यावर चालू होती. एक, दोन, मध्ये उडी, पुन्हा एक. मध्ये जिथे ढोल थांबतो तिथे बोटं थांबली, मग पुन्हा पडली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अख्खं गाणं संपायला लागला असता तेवढा वेळ ती बोटं त्या शांततेत वाजत राहिली, शेवटी दोन जोरात पडली, आणि खुशालरावांनी डोळे उघडले.

"काय वाजवते पाह्य," ते ताहेरभाईंना म्हणाले. "तसाच."

ताहेरभाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांनी बोट वर करून छतावरच्या बल्बकडे दाखवलं, मग टेपकडे. खुशालरावांनी टेपकडे पाहिलं. कॅसेटची चाकं थांबलेली होती.

मनकर्णेला कळलं. बहिरे! नुसते बहिरे! म्हणून मागून बोललेलं पोचत नव्हतं. म्हणून तोंडाकडे टक लावून पाहत होते, जिनात मशीन चालू असताना सगळे एकमेकांचे ओठ वाचतात तसे. म्हणून टेप बंद. तिला इतकं हलकं वाटलं की ती हसली. तोंडावर पदर दाबूनही हसू थांबेना.

खुशालरावांनी ते हसू पाहिलं. "हासून राहिली?" ते म्हणाले. आवाज घरभर घुमला; आपला आवाज किती मोठा निघतो हे त्यांना समजतच नव्हतं. "हास. तापात गेले कान. उजवा पुरा, डावा उलीसा हाये. अमरावतीले दाखवून आलो एकटाच, तुले पंपाचं काम सांगून. नस गेली म्हने, औषध नाई." मग ताहेरभाईंकडे वळून, "डोक्यात जिन चालू हाये रे ताहेर. चोवीस तास. बेरिंग गेलेलं जिन. बंद कराले बटन नाई. आन फिटरले ऐकू येत नाई म्हटल्यावर मशीनजवळ उभं कोन करन? वामनराव भला मानूस हाये, गेटवर बसवन मले. येनाऱ्याजानाऱ्याले सलाम ठोकत बसू? आन हे," त्यांनी पेटीला पाय लावला, "हे घरात ठेवून काय करू? पाहत बसू?"

मनकर्णेचं हसू जिथल्या तिथे विरलं. तिची तिलाच लाज वाटली. दोन महिने हा माणूस एकटा त्या आवाजात बसून होता आणि आपण त्याच्या पाठीमागे ड्रमवाल्याला नावं ठेवत होतो. आणि मग, थाळीतला चहा खाली ठेवता ठेवता, तिचा हिशेब फिरला. आतापर्यंत तिच्याजवळ नुसती लक्षणं होती. आता कारणही होतं.

ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. या वेळी मान वर केली. नळावरची बंदी तिला आठवत होती, गंगूबाईचं बोलणं आठवत होतं, आणि तरी तिने हळूच विचारलं, "तुमच्या मनात जीव द्याचं हाये का?"

खुशालराव तिच्या ओठांकडे पाहत होते. त्यांना कळलं, हे तिला दिसलं. आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की त्यांना काही विचारता येत नव्हतं. तिने हात हलवला, उघडेनात. खांदा हलवला, उघडेनात. तेव्हा तिने त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, डाव्या कानाला तोंड लावलं आणि जिवाच्या आकांताने ओरडली. "तुमच्या मनात जीव द्याचं हाये का?"

गल्लीत पंप नव्हता, टीव्ही नव्हता, चक्की नव्हती. तो शब्द पार नदीपर्यंत गेला असेल. दारं वाजली. कोणीतरी "काय झालं वो" म्हणालं. तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा घसा फाटला होता.

"येते मनात," खुशालराव म्हणाले. त्यांना वाटलं ते हळू बोलत आहेत. "पोयापासून रोज येते. आज सकायीबी आलं. ताहेरले भेटून घेऊ म्हटलं, मग पाहू."

ओसरीच्या पायरीपाशी सात-आठ माणसं येऊन उभी होती आणि सगळ्यांनी ते ऐकलं. पुरुषांनी खाली पाहिलं. ताहेरभाईंनी खुशालरावांचा हात धरला तो धरूनच ठेवला. मनकर्णा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. जे ऐकायची तिला दोन महिने भीती होती ते ऐकून झालं होतं, आणि माणूस अजून इथेच, हाताशी, गरम, बसलेला होता.

गर्दीतून गंगूबाई पुढे आली. चप्पल न घालताच आली होती. शालिकराम गेल्यापासून ती कोणाच्या घरात शिरली नव्हती. ती सरळ ओसरीत चढली आणि खुशालरावांच्या पायाशी जमिनीवर बसली.

"मी नाई इचारलं," ती म्हणाली. "माह्या ध्यानात आलं होतं. आठ दिवस माहीत होतं मले. मी इचारलंच नाई."

खुशालराव डोळे उघडून एकेकाचं तोंड पाहत होते, पण गंगूबाईची मान खाली होती, त्यांना काही कळलं नाही.

"काय म्हनते गंगूबाई?" त्यांनी बायकोला विचारलं.

मनकर्णेने डोळे पुसले, त्यांच्याकडे तोंड केलं, आणि गंगूबाई काय म्हणाली ते एकेक शब्द सुटा करून त्यांना सांगितलं.